घोडा कुणाचा?

विद्यापीठाच्या पोलो क्लबात नाव घातलं असेल, तर किपलिंगची १८९५ची 'द माल्टीज कॅट' वाचाच. गरीब पलटणीचा संघ श्रीमंतांना हरवतो आणि गोष्ट घडते तट्टांच्या तोंडून. मजा येते. पण मोतद्दार कडेलाच राहतात, तिथे मला ती खटकते. अमेरिकेतल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत बरेचदा यजमान घोडे पुरवतात आणि दोन्ही संघ तेच आलटूनपालटून वापरतात. पैशाचा जोर तेवढा ओसरतो. तबेला मात्र आपणच साफ करायचा (पोस्टडॉकलाही सुटका नाही). परवा ज्या घोडीवर मी सोपा गोल हुकवला, तिच्यावरच समोरच्या पोरीनं पुढच्या चक्करमध्ये दोन मारले. टाळ्या तिला; घोडीला खरारा मी केला.