सिद्धरस आणि प्रेक्षकाची तक्रार

लोकप्रिय कलाकृतीच्या उत्तरभागाविषयी प्रेक्षक जे बोलतात, ते आपल्याकडे समीक्षेचा विषय मानले जात नाही. ‘स्मरणरंजन’ या एका शब्दात त्याची वासलात लावली जाते. वस्तुतः अशा नाराजीच्या तळाशी एक अव्यक्त काव्यशास्त्र असते. मात्र प्रेक्षक जे कारण सांगतो तेच त्याच्या नाराजीचे खरे कारण असते असे नाही. या दोहोंतील अंतर तपासण्यासाठी कॅनडातील एका दूरचित्रवाणी-मालिकेचे उदाहरण येथे घेतले आहे.

लूसी मॉड माँटगोमेरी यांची ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ ही कादंबरी १९०८ साली प्रसिद्ध झाली. प्रिन्स एडवर्ड बेटावरील मॅथ्यू व मरिला या प्रौढ, अविवाहित भावाबहिणीला शेतीच्या कामासाठी अनाथाश्रमातून मुलगा हवा असतो. चुकून येते ती अ‍ॅन. केव्हिन सलिव्हन यांनी १९८५ मध्ये या कथेचे दूरचित्रवाणीसाठी रूपांतर केले, १९८७ मध्ये दुसरा भाग केला, आणि तेरा वर्षांनी, २००० मध्ये, ‘द कंटिन्यूइंग स्टोरी’ हा तिसरा भाग सादर केला. मेगन फॉलोज आणि जोनाथन क्रॉम्बी हीच जोडी अ‍ॅन व गिल्बर्टच्या भूमिकांत परतली होती, याचे अनेकांना समाधान वाटले; पण पहिल्या दोन भागांवर जीव लावणाऱ्यांपैकी पुष्कळांनी हा तिसरा भाग आपला मानला नाही. त्यात पहिल्या महायुद्धात डॉक्टर म्हणून गेलेला गिल्बर्ट बेपत्ता होतो, अ‍ॅन रेड क्रॉसमार्फत युरोप गाठते, आणि हेरगिरीच्या कथानकात गुंतते.

प्रेक्षकांचा मुख्य आक्षेप कालक्रमाचा आहे. कादंबऱ्यांच्या हिशेबाने महायुद्धाच्या वेळी अ‍ॅन पन्नाशीच्या आसपास असते. युद्धावर जातात ते तिचे मुलगे. तिसऱ्या भागात मात्र ती स्वतःच तरुण आहे. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. पण तो पुरेसा नाही. मुळात पहिल्या भागापासूनच सलिव्हन यांनी कथेचा काळ पुढे सरकवला होता, आणि प्रेक्षकांनी तो निमूटपणे मान्य केला होता. कादंबरीत मॅथ्यू हातात वर्तमानपत्र घेऊन घराच्या दारात कोसळतो. १९८५ च्या रूपांतरात तो मोकळ्या कुरणात, अ‍ॅनच्या सान्निध्यात मरण पावतो. या बदलाने कोणी दुरावल्याचे दिसत नाही. उलट तो प्रसंग त्यांच्या स्मरणात कायमचा घर करून राहिला. दुसऱ्या भागात तीन कादंबऱ्यांची सरमिसळ आहे, आणि मॉर्गन हॅरिस हे पात्र तर पूर्णतः कल्पित आहे. तेही स्वीकारले गेले. तेव्हा मूलनिष्ठा हा या प्रेक्षकवर्गाचा खरा निकष नव्हे.

‘अपेक्षांचे क्षितिज’ ही हान्स रॉबर्ट याउस यांची संकल्पना येथे काही अंतरापर्यंत उपयोगी पडते. क्षितिजाचा भंग झाला हे ती सांगते. परंतु एक भंग आनंदाने आणि दुसरा रागाने का स्वीकारला जातो, याचे उत्तर तिच्यात सहजी मिळत नाही. ते आनंदवर्धनाच्या ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात मिळते. इतिहासप्राप्त कथेतील रसाला अननुकूल भाग कवीने टाकावा, प्रसंगी नवा कल्पावा, अशी मुभा आनंदवर्धन देतो. त्याच वेळी रामायणादी ‘सिद्धरस’ कथांच्या बाबतीत रसाला विरोधी अशी स्वेच्छा चालवू नये, अशी मर्यादाही तो घालतो. म्हणजे रक्षण करावयाचे ते घटनांचे नव्हे, रसाचे. रामायणाशी एका दूरचित्रवाणी-मालिकेची तुलना येथे अभिप्रेत नाही. परंतु एका समूहाच्या मनात एखादी कथा तिच्या रसासह स्थिर झालेली असणे, हा सिद्धरसतेचा व्यापार दोन्हीकडे आढळतो.

मग अ‍ॅनच्या कथेचा सिद्ध रस कोणता? बालिशपणा, निसर्गवर्णन किंवा विनोद ही त्याची अंगे होत. त्याचे केंद्र आहे ते घर मिळण्याचा अनुभव. जिला कोणीच नको होते, तिला एक दार उघडते, आणि पुढे ते दार उघडे ठेवणे हेच तिचे कर्तव्य होते. मॅथ्यूच्या मृत्यूनंतर शिष्यवृत्ती सोडून ती मरिलाजवळ राहते, त्याचा अर्थ हाच. मॅथ्यूचा मृत्यू दारातून कुरणात नेला, तरी तो त्या घराच्या परिघातच राहिला.

‘युद्ध हा अ‍ॅनच्या जगाचा विषयच नव्हे’ असाही सूर प्रेक्षकांत उमटतो. तो चुकीचा आहे. माँटगोमेरी यांनी स्वतःच १९२१ च्या ‘रिला ऑफ इंगलसाइड’ या कादंबरीत महायुद्ध या घरात आणले. अ‍ॅनचा मुलगा वॉल्टर कूर्सलेट येथे मारला जातो. त्याहून कठोर घटना कोणती? परंतु ही सारी कादंबरी घरात राहिलेल्यांची आहे. युद्ध येते ते तारेतून, पत्रांतून, स्वयंपाकघरातील सूझनच्या वर्तमानपत्र-वाचनातून. जेमचा कुत्रा चार वर्षे स्टेशनवर त्याची वाट पाहत राहतो. तिसऱ्या भागाने घटना तीच घेतली, आणि दृष्टिबिंदू टाकून दिला. प्रतीक्षेच्या जागी पाठलाग आला.

दोन्ही कृतींत एक पोरके मूल आहे, ही गोष्ट येथे बोलकी ठरते. कादंबरीत अ‍ॅनची किशोरवयीन मुलगी रिला एक तान्हे बाळ सूपच्या भांड्यातून घरी आणते. हसू येते, पण मरिलाच्या दाराशी पूर्वी घडलेलीच घटना पुन्हा घडते आहे, हे जाणवून ते हसू ओलसर होते. तिसऱ्या भागात अ‍ॅन दुसऱ्याचे मूल जिवावर उदार होऊन युरोपभर सांभाळते व अखेर दत्तक घेते. मूळ भावाची ही आठवण दिग्दर्शकाला होती हे मान्य केले पाहिजे. मात्र जिथे घरच पडद्यावरून दीर्घकाळ नाहीसे झाले आहे, तिथे पोरक्याला घर मिळण्याचा भाव रुजणार कोठे? विभाव उरतो, त्याला आधार उरत नाही.

याचा अर्थ प्रेक्षकाचा निर्णय अंतिम मानावा असा नाही. रसाच्या नावाखाली मालकी सांगू लागलेला प्रेक्षक माँटगोमेरी यांच्याच युद्धकादंबरीलाही नकार देऊ शकेल, हा धोका खरा आहे. म्हणूनच समीक्षकाची गरज आहे. प्रेक्षकाला दुखले कुठे, हे तो अचूक सांगतो. का दुखले, हे सांगताना तो बहुधा चुकतो. तो तारखा मोजतो, कारण तारखा दाखवता येतात आणि घर हरवल्याची जाणीव सिद्ध करता येत नाही. ‘रसिक’ हा शब्द आपण गौरवाने वापरतो; त्याच्या तक्रारीची मीमांसा करण्याचे टाळतो. तक्रारीतील तारखा बाजूला सारून तिच्यामागचा रस ओळखणे, हे काम प्रेक्षकाकडून अपेक्षिता येणार नाही. ते आपले आहे.