दालचिनीच्या तेलाची प्राचीनता : एका अनुमानाची परीक्षा

प्राचीन गंधशास्त्रांत ‘त्वक्’ व ‘तैल’ हे शब्द एकत्र आढळले, कीं आज सुगंधी द्रव्यांत पडणारें दालचिनीचें तेल त्या काळींही निघत असे, असें अनुमान पुष्कळ वेळां करण्यांत येतें. पूर्वजांच्या ज्ञानाचा अभिमान आम्हांसही आहे. तथापि पुराव्याहून अधिक बोलणें त्या ज्ञानास उपकारक नव्हे.

प्रथम मूळ ग्रंथच पाहूं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत (इ. स. चें ६ वें शतक) मंजिष्ठा, व्याघ्रनख, त्वक्, कुष्ठ इत्यादिकांचें चूर्ण तेलांत घालून उन्हांत तापविलें असतां तेलास चाफ्याचा गंध येतो, असें सांगितलें आहे. म्हणजे तेल आधींच सिद्ध आहे. साल त्यास केवळ वास देते. चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (१२ वें शतक) फुलांनीं वासित केलेले तीळ यंत्रांत पिळण्याची रीत आहे. तेथेंही तेल तिळाचेंच.

दालचिनीचें खरें तेल निराळें. साल पाण्यांत उकळून तिची वाफ थंड केल्यावर तें शेंकडा एका भागाच्या आसपास मिळतें, आणि पाण्याहून जड असल्यामुळें तळाशीं बसतें. पानांचें तेल तर याहूनही भिन्न. त्यास लवंगेसारखा वास असतो. वरील कृतींत यांपैकीं कशाचाही मागमूस नाहीं.

यावर कोणी तक्षशिला व शैखान ढेरी येथील मृत्पात्रें पुढें करील. त्यांवरून ऑल्चिन यांनीं १९७९ सालीं भारत हें ऊर्ध्वपातनाचें प्राचीन माहेर असावें, असा पक्ष मांडला. पण तो पक्ष मद्यापुरता आहे. तो मान्य केला तरी त्याच पात्रांत दालचिनीचें तेल धरिलें, हें सिद्ध होत नाहीं. साल, भट्टी आणि तेल यांस जोडणारें स्पष्ट वचन पाहिजे.

मग आमचा वारसा उणा ठरतो काय? मुळींच नाहीं. गंगाधराच्या गंधसारांत भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. तो ग्रंथ व मराठी टीकेसह असलेला गंधवाद पुण्याचे कै. प. कृ. गोडे यांनीं उजेडांत आणिले. १९८९ सालीं ते वडोदरें येथें छापून निघाले. न सांपडलेल्या तेलाचा गौरव करण्यापेक्षां या मराठी टीकेंतील एकेका शब्दाचा अर्थ लावणें, हेंच संशोधकाचें खरें कर्तव्य होय.