नाव शेवटच्या चरणात

वाचकहो, अभंगाची बांधणी तुम्हाला नव्याने सांगायला नको. आधी ध्रुपद, मग एकेक चरण, आणि सगळे सांगून झाल्यावर शेवटच्या चरणात सांगणाऱ्याचे नाव. ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘बहिणी म्हणे’. नाथांनी आपले नाव अर्धे केले, त्याला गुरूंच्या नावाचा आधार दिला आणि ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा केली. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. ज्ञानोबारायांच्या कितीतरी अभंगांत त्यांचे स्वतःचे नावसुद्धा नाही. तिथे बाप रखुमादेवीवर उभा आहे. या नाममुद्रेतून दोन गोष्टी कळतात. नाव शेवटी येते, म्हणजे सांगायची गोष्ट सांगणाऱ्यापेक्षा मोठी आहे. आणि नाव येतेच, म्हणजे जे सांगितले त्याची जबाबदारी सांगणाऱ्याने घेतली आहे.

आज आपल्या फडांचे, दिंड्यांचे, गावच्या भजनी मंडळांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. कीर्तने यूट्यूबवर आहेत, वारी फेसबुकवर आणि इन्स्टाग्रामवर आहे. पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत तिथे मजकूर येत राहतो. तो नीट पाहिला तर बहुतेक तीन प्रकारांत बसतो: कुणाच्या आयुष्यातला एखादा क्षण, कुणाला वाहिलेली श्रद्धांजली आणि कुणाचे तरी मत. या तिन्हींना आपल्याच घरातली नाममुद्रेची कसोटी लावून पाहू.

आधी क्षण. मोबाईलवरच्या वारीला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. २०२० साली पालख्या पायी निघाल्या नाहीत. पादुका एसटीने पंढरपुरास गेल्या. त्या आषाढीला लाखो वारकऱ्यांनी घरात बसून, हातातल्या काचेवर माउलींचे दर्शन घेतले. गुडघे थकलेली आजी आणि परदेशी नोकरीला गेलेला मुलगा यांना आजही दिवे घाट आणि वाखरीचे रिंगण त्याच काचेवर दिसते. ज्याने ते चित्र पाठवले त्याचे उपकारच मानले पाहिजेत.

पण याच वाटेवर दुसरे चित्रही दिसते. आळंदीपासून डोक्यावर तुळस घेऊन चालत आलेल्या माउलीकडून ती तुळस घटकाभर मागून घ्यायची, आपल्या डोक्यावर ठेवायची, फोटो काढायचा आणि खाली लिहायचे, ‘वारी अनुभवताना’. तुळस परत तिच्या डोक्यावर जाते आणि ती पुढे चालू लागते. फोटोत ती नसते. तिच्या पायांचे फोड, तिच्या दिंडीचा क्रमांक, तिचे गाव, काहीच नसते. पहिल्या चरणापासून शेवटच्या चरणापर्यंत फोटो काढणाऱ्याचेच नाव भरलेले असते.

तुम्ही म्हणाल, मग स्वतःविषयी बोलूच नये काय? तसे नाही. संतांनी स्वतःविषयी पुष्कळ सांगितले आहे. तुकोबारायांनी आपली हकिकत सांगितली, तीही संतांनी विचारले म्हणून, संकोचत. त्यात १६३० च्या सुमारच्या दुष्काळात गेलेली बायको आहे, बुडालेला व्यापार आहे, लोकांत झालेली फजिती आहे. बहिणाबाईंनी तुकोबांच्या भक्तीपायी नवऱ्याचा मार खाल्ल्याचे सांगितले. आपण स्टेटसला जे लावतो त्याच्याशी हे ताडून पाहा. आपल्या क्षणांत नवी गाडी असते, सत्कार असतो, मुलाचे गुण असतात. दिवाळे आणि फजिती कधीच नसते. ज्याच्यावर खरोखर दिवाळ्याची वेळ आली आहे, तो शेजारच्या घरात बसून हे स्टेटस पाहतो आणि जगात आपणच एकटे बुडालो असे समजतो. तुकोबांची हकिकत वाचणाऱ्याला असे एकटे वाटत नाही, आणि आत्मकथनाचा खरा उपयोग तोच.

आता श्रद्धांजली. इथे जरा थांबू या, कारण इथे आपले अधिक चुकते. एखादे ज्येष्ठ कीर्तनकार वैकुंठवासी होतात. बातमी ग्रुपवर येते आणि पाच मिनिटांत हात जोडलेली चित्रे व फुले यांची रांग लागते. कधी कधी परगावी असलेल्या मुलीला वडील गेल्याचे अशा एखाद्या फुलावरून कळते. घरातल्या माणसाने फोन करायच्या आधी आपण श्रद्धांजली वाहिली, तर ती कुणाच्या समाधानासाठी वाहिली?

पुढे लांब लेख येतात. समजा, एकात असे लिहिले आहे: ‘महाराजांचा माझ्यावर विशेष लोभ होता. माझे कीर्तन ऐकून ते म्हणाले होते, तू परंपरा पुढे नेशील.’ सोबत फोटो आहे. त्यात लेखक मध्ये आणि महाराज कडेला. दुसऱ्या एखाद्या लेखात इतकेच आहे: ‘महाराज काल्याच्या कीर्तनालाही एसटीने येत. गाडीभाड्यापलीकडचे पाकीट यजमानाला परत करत. पहिल्यांदा मृदंगावर बसलेल्या पोराचा ठेका चुकला तर स्वतःची चाल त्याच्या ठेक्याला जुळवून घेत, म्हणजे लोकांना चूक कळू नये.’ पहिला लेख वाचून लेखक कळतो. दुसरा वाचून गेलेला माणूस कळतो, आणि ज्याने महाराजांना कधी पाहिले नव्हते त्यालाही हळहळ वाटते. श्रद्धांजली म्हणून दुसराच लेख खरा.

या प्रकारचा आदर्श आपल्या गाथेतच आहे. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानोबारायांनी आळंदीस समाधी घेतली. त्या प्रसंगाचे नामदेवरायांचे अभंग आपण दर वर्षी ऐकतो. त्यांत समाधीची जागा झाडणारी मुले आहेत, आसन आहे, हात धरून नेणे आहे. वर्षानुवर्षे शांत राहिलेले निवृत्तिनाथ तिथे कोलमडतात आणि मुक्ताई, सोपानदेव पोरके होतात. नामदेव स्वतः तिथे होते, रडलेही. पण ज्ञानदेव मला काय म्हणाले, यावर त्यांनी प्रसंग उभा केला नाही. त्यांनी इतरांचे अश्रू मोजले. सातशे वर्षांनंतरही तो प्रसंग कीर्तनात आला की मंडपात हुंदके येतात, ते त्यामुळे.

आणि नामदेवरायांची दुसरी श्रद्धांजली शब्दांची नव्हतीच. शके १२६० मध्ये मंगळवेढ्यास बांधकामाची भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. परंपरा सांगते की नामदेव पंढरपुराहून वीस-पंचवीस किलोमीटर मंगळवेढ्यास गेले, ढिगाऱ्यातली एकेक अस्थी कानाशी नेली, जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली, आणि त्या अस्थी आणून महाद्वारी समाधी बांधली. ज्याला देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्याला देवाच्या दारात कायमची जागा मिळाली. वाचकहो, हाताच्या एका बोटाने वाहिलेले फूल आणि ही श्रद्धांजली यांत किती अंतर आहे ते पाहा. आपल्यापैकी प्रत्येकाला ढिगारा उपसता येणार नाही. पण गेलेल्याच्या घरी जाऊन दहा मिनिटे बसता येते, तेराव्यानंतर महिन्याने एक फोन करता येतो. शब्दांपलीकडे एवढे जरी झाले, तरी त्या फुलाला अर्थ येईल.

तिसरा प्रकार मतांचा. क्षणात आणि श्रद्धांजलीत नाव गरजेपेक्षा मोठे होते. मतांत नेमके उलट होते. जिथे नाव हवे तिथे ते गायब होते, नाहीतर दुसऱ्याचे लावले जाते. राजकारणावर, जातीवर, दुसऱ्या पंथावर चार कडवट ओळी कुणीतरी जुळवतो आणि शेवटी ‘तुका म्हणे’ जोडतो. आपण हात जोडून ती पुढे पाठवतो. तुकोबारायांनी जन्मात न उच्चारलेली शिवी त्यांच्या मुखी घातली गेली, आणि ती घालणाऱ्यांत माळकरीही असतात.

यावर कुणी म्हणेल, पाठांतराच्या काळातही भेसळ होत होती. होय, होत होती. म्हणून तर नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून नऊ हजारांहून अधिक ओव्यांचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी मिसळू नये, अशी ताकीदही दिली. स्वतः इतके मोठे कवी असून त्यांनी स्वतःची भर घातली नाही. तुकोबांच्या गाथेची १८७३ ची सरकारी छापील आवृत्ती काढताना पंडितांनी देहू, तळेगाव, पंढरपूर अशा ठिकाणच्या वह्या मिळवून पाठ ताडले. आपल्याला इतके कष्ट नाहीत. घरात गाथा आहे, मागे अभंगांची सूची आहे. पुढे पाठवण्याआधी ती उघडून पाहायला पाच मिनिटे लागतात.

ही पाच मिनिटे किती मोलाची असतात, हे एका घटनेने दाखवले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निनावी निरोप त्या दिवसांत मोबाईलवरून सगळीकडे पसरले होते. मारले गेलेल्यांतले बहुतेक जण मंगळवेढे तालुक्यातले होते, चोखोबांच्या गावाकडचे. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. तोवर पाच घरे उजाड झाली होती. ते निरोप पुढे पाठवणाऱ्या हजारो हातांपैकी कितीजणांनी त्याखाली ‘हे मी म्हणतो’ असे लिहून स्वतःचे नाव घातले असते? नाव घालायची वेळ आली असती, तर बहुतेकांचा हात थबकला असता.

म्हणून एक छोटा नेम सुचवतो. एकादशीचा नेम आपण पाळतो, त्याच्या शेजारी हा ठेवावा. क्षण पाठवायचा असेल तर त्यात आपल्याशिवाय दुसरे कोण आहे ते पाहावे. कुणीच नसेल तर तो क्षण आपल्यापाशीच राहू द्यावा. श्रद्धांजली लिहायची असेल तर आधी त्या घरी फोन करावा, मग गेलेल्या माणसाची एक खरी गोष्ट लिहावी आणि ‘मी’ हा शब्द शक्यतो गाळून पुन्हा वाचावे. मत मांडायचे असेल तर खाली स्वतःचे नाव लिहावे. नाव लिहायला मन धजत नसेल, तर ते मत पाठवण्याजोगे नाही असे समजावे. आणि संतांच्या नावाने आलेली ओळ गाथेत सापडेपर्यंत पुढे पाठवू नये.

दिंडीत वारकरी समोर आला की आपण वय, जात, मान न पाहता त्याच्या पाया पडतो आणि तोही आपल्या पडतो. मोबाईलवर माणूस समोर दिसत नाही, म्हणून हात सैल सुटतो. पण पलीकडे माणूसच असतो, आणि वाचतही असतो. एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

रामकृष्ण हरी.