गुंजेविषयी लिहिताना

वनौषधींच्या लोकप्रिय पुस्तकांत गुंजेच्या वेलाचे वर्णन बहुधा ठरावीक साच्यात येते : लाल-काळ्या बिया, सोनाराचे वजन, विड्यातला गोड पाला आणि शेवटी ‘बी शुद्ध करून वापरावे’. यामागचे ‘का’ मात्र क्वचितच सांगितलेले असते.

बियांतील अॅब्रिन हे प्रथिन पेशींमधील प्रथिननिर्मिती बंद पाडते. कवच टणक असल्याने अखंड गिळलेले बी बहुधा तसेच बाहेर पडते. चावलेले वा भोक पाडलेले बी जिवावर बेतू शकते. उष्णतेने या प्रथिनाची रचना मोडते. दुधात किंवा कांजीत बी शिजवण्याच्या जुन्या शोधनविधीचे मर्म यात दिसते. परंतु विष पूर्ण गेले की नाही, हे घरी कळण्याचा उपाय नाही. म्हणून ‘वापरावे’ हा मोघम सल्ला धोक्याचा आहे.

‘सर्व गुंजा सारख्याच वजनाच्या’ हे विधानही तपासून पाहावे. ९६ गुंजांचा एक तोळा, म्हणजे गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम, पण ही झाली सरासरी.

आणि गुंजांच्या माळा ओवण्याचा उपक्रम मुलांना सुचवणाऱ्या लेखकाने एवढे आठवावे : सुई टोचली की कवचाचे संरक्षण संपते.