बोधनिक क्षीणता आणि संगीताधारित हालचाल : जिनिव्हा येथील प्रयोगाची चिकित्सा

बीजसंज्ञा : वार्धक्य, बोधनिक क्षीणता, यूरिद्मिक्स, दुहेरी कार्य, लय, पाऊल

प्रस्तावना

वार्धक्यात शरीर आणि बुद्धी यांची झीज स्वतंत्रपणे होते, असे मानून वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ या दोहोंचा वेगवेगळा विचार केला. चालण्याची तक्रार अस्थिरोगतज्ज्ञाकडे आणि विसरण्याची तक्रार मनोविकारतज्ज्ञाकडे, अशी विभागणी रूढ झाली. गेल्या काही दशकांतील संशोधनाने ही विभागणी अपुरी ठरविली आहे. या संदर्भात संगीत आणि हालचाल यांचा संयोग असलेल्या व्यायामाकडे आज मोठ्या अपेक्षेने पाहिले जाते. ‘संगीतामुळे स्मृतिभ्रंश टळतो’ यांसारखी विधाने व्याख्यानांतून व प्रशिक्षणवर्गांतून सहज केली जातात. अशा विधानांमागील पुराव्याची तपासणी होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या क्षेत्रातील एका महत्त्वाच्या प्रयोगाची, म्हणजे जिनिव्हा येथील संगीताधारित बहुकार्य व्यायामाच्या प्रयोगाची चिकित्सा केली आहे. या प्रयोगाने नेमके काय सिद्ध केले, काय केले नाही आणि त्याचे अनुकरण करताना कोणता भाग निसटण्याचा संभव आहे, हे तीन प्रश्न या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत.

संकल्पनेची पार्श्वभूमी

‘कॉग्निटिव्ह फ्रेल्टी’ या संज्ञेसाठी येथे ‘बोधनिक क्षीणता’ हा शब्द योजला आहे. शारीरिक क्षीणतेचे निकष लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले. नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, पकडीचा अशक्तपणा, मंदावलेली चाल आणि घटलेली शारीरिक हालचाल हे ते पाच निकष होत. यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे आढळल्यास व्यक्ती क्षीण मानली जाते. २०१३ मध्ये वार्धक्यशास्त्राच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांच्या तज्ज्ञगटाने त्याला बौद्धिक अंगाची जोड दिली. शारीरिक क्षीणतेबरोबरच बोधनक्षमतेत सौम्य घट आहे, परंतु स्मृतिभ्रंश झालेला नाही, अशा अवस्थेला त्यांनी बोधनिक क्षीणता म्हटले. या व्याख्येचे महत्त्व असे की, तिने उपायाला वाव असलेली एक मधली पायरी दाखवून दिली.

मन आणि पाऊल यांच्या संबंधाचा एक ठळक दाखला त्याआधीच मिळाला होता. १९९७ मध्ये स्वीडनमधील लिलेमोर लुंडिन-ऑल्सन आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटे निरीक्षण प्रसिद्ध केले. निवासी व्यवस्थेत राहणाऱ्या ५८ वृद्धांबरोबर चालता चालता संभाषण सुरू केले असता त्यांपैकी १२ जण बोलण्यासाठी थांबले आणि पुढील सहा महिन्यांत या १२ पैकी १० जण पडले. चालणे ही वरवर आपोआप घडणारी क्रिया वाटते. परंतु वृद्धापकाळी ती अवधानाचा मोठा वाटा घेते. अवधान दोन कामांत वाटता आले नाही की पाऊल चुकते. ‘दुहेरी कार्य’ ही संकल्पना येथे निर्णायक ठरते.

झाक-दालक्रोझ यांची पद्धती

जिनिव्हा येथील प्रयोगाचे मूळ वैद्यकशास्त्रात नसून संगीतशिक्षणात आहे. एमिल झाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) हे १८९२ पासून जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात स्वरसंवादाचे अध्यापक होते. वाद्यावर बोटे सफाईने चालविणाऱ्या विद्यार्थ्यांनाही लय आतून जाणवत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. लयीचे ज्ञान प्रथम संपूर्ण शरीराला व्हावे, या विचारातून त्यांनी ‘यूरिद्मिक्स’ ही पद्धती विकसित केली. जर्मनीतील ड्रेस्डेनजवळच्या हेलराऊ येथील कार्यानंतर १९१५ मध्ये जिनिव्हा येथे त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवले पाहिजे. येथे संगीत हे पार्श्वसंगीत नसते. शिक्षक पियानोवर उत्स्फूर्त वादन करतो आणि विद्यार्थी त्या लयीत चालतात. लय बदलली की पावलांची गती बदलायची, वादन थांबले की थांबायचे, विशिष्ट आघात ऐकू आला की दिशा बदलायची, अशा सूचना वादनातूनच मिळतात. शिवाय वादक विद्यार्थ्यांच्या पावलांकडे पाहूनच वाजवीत असतो. ध्वनिमुद्रित गीत हे काम करू शकत नाही, कारण त्याला समोरचे पाऊल दिसत नाही.

प्रयोगाचे स्वरूप व फलित

आन्द्रेआ त्रोम्बेत्ती आणि सहकाऱ्यांचा प्रयोग २०११ मध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ६५ वर्षांवरील, स्वतःच्या घरी राहणाऱ्या आणि पडण्याचा धोका अधिक असलेल्या १३४ व्यक्तींची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या गटाने सहा महिने आठवड्यातून एक तास दालक्रोझ पद्धतीचा सामूहिक व्यायाम केला. दुसऱ्या गटाने या काळात नेहमीची दिनचर्या चालू ठेवली आणि नंतरच्या सहा महिन्यांत तोच व्यायाम केला.

फलित लक्षणीय होते. पहिल्या सहा महिन्यांत व्यायाम करणाऱ्या गटातील पडण्याच्या घटनांचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या ०.४६ पट, म्हणजे निम्म्याहून कमी राहिले. चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी वाढली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दुसरे काम करीत चालताना पावलांच्या वेळेत येणारी अनियमितता कमी झाली. दुसऱ्या गटाने व्यायाम सुरू केल्यावर त्याच्यातही असाच बदल दिसला. आठवड्याला केवळ एक तास दिल्याने एवढा परिणाम साधणे ही या प्रयोगाची खरी मिळकत आहे आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही.

बौद्धिक परिणामांविषयीचे विश्लेषण मेलानी हार्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. व्यायाम करणाऱ्या गटात चिंतेचे प्रमाण घटले आणि कपाळामागील मेंदूभागाच्या कार्याची तपासणी करणाऱ्या चाचणीतील ‘व्यत्यय-संवेदनशीलता’ या एका उपचाचणीत सुधारणा झाली. सर्वसाधारण बोधनक्षमता मोजणाऱ्या एमएमएसई या चाचणीतील गुणवाढ मात्र त्या गटाच्या स्वतःच्या आधीच्या गुणांच्या तुलनेत नोंदविली गेली.

चिकित्सा

वरील फलितांचा अर्थ लावताना चार मुद्द्यांचा विचार करावा लागतो.

पहिला मुद्दा नियंत्रण गटाचा. तुलनेसाठी घेतलेला गट काहीही विशेष करीत नव्हता. त्यामुळे मिळालेला लाभ संगीताचा, व्यायामाचा, की दर आठवड्याला एकत्र येण्याचा, हे या रचनेतून सांगता येत नाही. चिंता कमी होण्यामागे तर सोबतीचा वाटा मोठा असू शकतो. संगीताविना तोच व्यायाम करणारा तिसरा गट असता, तर संगीताच्या वाट्याचे श्रेय निश्चित करता आले असते. या दृष्टीने जपानमधील ताकेहिको दोई आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा प्रयोग उपयुक्त तुलना पुरवितो. सौम्य बोधनिक घट असलेल्या २०१ वृद्धांचे त्यांनी नृत्य, वाद्यवादन आणि आरोग्यशिक्षण असे तीन गट केले. चाळीस आठवड्यांनंतर नृत्य आणि वाद्यवादन या दोन्ही गटांत एमएमएसईचे गुण नियंत्रण गटाच्या तुलनेत सुधारले. स्मरणातील सुधारणा मात्र फक्त नृत्यगटात दिसली. अवधान व नियोजन मोजणाऱ्या चाचण्यांत फरक आढळला नाही. म्हणजे संगीत आणि हालचाल यांचे परिणाम एकच नाहीत आणि ‘संगीताधारित व्यायाम’ या एका शब्दाखाली ते एकत्र करणे योग्य नाही.

दुसरा मुद्दा सुधारणेच्या स्वरूपाचा. व्यत्यय-संवेदनशीलतेच्या उपचाचणीत परीक्षक टेबलावर एकदा टकटक करतो तेव्हा व्यक्तीने दोनदा करायचे असते आणि परीक्षकाने दोनदा केल्यास एकदाच. ऐकलेल्या आघाताचे अनुकरण करण्याची ओढ आवरून नियमाप्रमाणे वेगळी कृती करणे, हे या चाचणीचे सार आहे. दालक्रोझ वर्गात सहा महिने जवळजवळ हेच घडत होते. म्हणून जी चाचणी सुधारली ती सरावाला सर्वांत जवळची होती, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. त्याने फलित खोटे ठरत नाही. उलट हा व्यायाम कोणत्या मार्गाने काम करतो, याचा तो मोलाचा संकेत आहे. परंतु त्यावरून ‘बुद्धी सुधारली’ असे व्यापक विधान करणे धाडसाचे होईल. एमएमएसईमधील गटांतर्गत वाढीवर भर देणे तर त्याहून कच्चे आहे, कारण तीच चाचणी पुन्हा दिल्यानेही गुण वाढू शकतात.

तिसरा मुद्दा सहभागी व्यक्तींचा. सहभागींत सुमारे ९६ टक्के स्त्रिया होत्या. शिवाय निवड पडण्याच्या धोक्यावरून झाली होती. बोधनिक क्षीणतेच्या निकषांवरून नव्हे. ती व्याख्याच प्रयोगानंतर दोन वर्षांनी आली. म्हणून या प्रयोगाचा हवाला बोधनिक क्षीणतेवरील उपायाचा पुरावा म्हणून देताना मधली कडी गृहीत धरली जाते. पडण्याचा धोका असलेल्या वृद्धेला जे लाभले ते विसरणाऱ्या आणि थकलेल्या वृद्धालाही तसेच लाभेल, हे संभाव्य आहे, सिद्ध नाही.

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असून तो अनुकरणाशी निगडित आहे. या प्रयोगाची कीर्ती पसरली तसा त्याचा गाभा पातळ झाल्याचे दिसते. व्यायामवर्गात जुनी चित्रपटगीते लावून हातपाय हलविणे यालाही ‘संगीताधारित व्यायाम’ म्हटले जाते. त्यातून प्रसन्नता मिळते, सोबत मिळते आणि वर्गाला येण्याची इच्छाही टिकते. हे सर्व मोलाचे आहे. परंतु तेथे संगीत ऐकले नाही तरी व्यायाम पूर्ण होतो. जिनिव्हाच्या वर्गात ऐकल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही. पहिल्या प्रकारात वृद्धाच्या स्नायूंना काम मिळते. दुसऱ्या प्रकारात त्याच्या कानाला, अवधानाला आणि निर्णयशक्तीलाही. वृद्धाला केवळ हलविण्याजोगे शरीर मानायचे, की ऐकून उत्तर देणारी व्यक्ती मानायचे, हा या दोन प्रकारांमधील फरक आहे.

मराठी परंपरेच्या संदर्भात

महाराष्ट्रात या पद्धतीचा विचार करताना वारकऱ्यांच्या ‘पाउली’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. हाती टाळ, मुखी नाम आणि मृदंगाच्या ठेक्यावर मागेपुढे पडणारे पाऊल, ही तिहेरी क्रिया आहे आणि दुहेरी कार्याच्या सर्व अटी ती पूर्ण करते. मंगळागौरीच्या झिम्म्यात समोरच्या जोडीदाराच्या टाळीशी आपली टाळी जुळवावी लागते, तीही याच जातीची. गावोगावची भजनी मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांच्या रूपाने एकत्र येण्याची व्यवस्थाही उपलब्ध आहे.

तथापि साम्याबरोबर भेदही ध्यानात घेतला पाहिजे. पाउलीची चाल वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेली असते. जे अंगवळणी पडले ते अवधानावर फारसा भार टाकत नाही. किंबहुना म्हणूनच स्मृती ढासळलेल्या व्यक्तीलाही लहानपणीचे भजन म्हणता येते. परिचित गाणे आधार देते, तर अपरिचित बदल अवधानाला सराव देतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची गरज आहे. मृदंगवादकाने पूर्वसूचना न देता लय मध्येच थांबविली किंवा निम्मी केली आणि ज्येष्ठांनी ती ओळखून पाऊल बदलले, तर पियानोवादकाचे काम मृदंगाकडून होऊ शकेल. मात्र ते बसविण्यापूर्वी तपासावे लागेल. परंपरेच्या अभिमानापोटी गृहीत धरता येणार नाही. शिवाय ज्याला पडण्याचा धोका आहे त्याला फुगडीसारखा गरगर फिरण्याचा खेळ देणे घातक ठरेल.

मोजमापाचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. एमएमएसईसारख्या चाचणीत वाचन, लेखन व आकडेमोड अपेक्षित असते. निरक्षर वृद्धेचे गुण त्यामुळे तिच्या बुद्धीपेक्षा तिच्या न झालेल्या शाळेविषयी अधिक सांगतात. याच कारणाने हरियाणातील बल्लभगड येथील अभ्यासासाठी १९९० च्या दशकात त्या चाचणीचे हिंदी रूप तयार करण्यात आले. भारतातील ६० वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासात वर्तविला असून हे प्रमाण स्त्रियांत व ग्रामीण भागात अधिक आहे. ज्यांना गरज सर्वाधिक आहे त्यांच्यासाठीच मोजपट्टी अपुरी, अशी ही स्थिती आहे.

निष्कर्ष

१. जिनिव्हा येथील प्रयोगाने संगीताधारित बहुकार्य व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण घटते आणि चाल सुधारते, हे समाधानकारकपणे दाखविले आहे.

२. बौद्धिक लाभाचा पुरावा मर्यादित असून तो मुख्यतः सरावाशी मिळत्याजुळत्या क्षमतेपुरता आहे. बोधनिक क्षीणतेविषयी त्यावरून थेट विधान करता येत नाही.

३. संगीताचा स्वतंत्र वाटा ठरविण्यासाठी संगीतविरहित व्यायामगटाशी तुलना आवश्यक आहे.

४. या पद्धतीचे मर्म संगीत वाजविण्यात नसून ते ऐकून कृती बदलण्यात आहे. हे मर्म सोडून केलेले अनुकरण मनोरंजक असले, तरी त्याला या प्रयोगाचा आधार सांगता येणार नाही.

५. मराठी भजन-परंपरेत अशा व्यायामाचे साहित्य विपुल आहे. संगीत, शारीरिक शिक्षण, मानसशास्त्र आणि समाजकार्य हे विभाग ज्या महाविद्यालयांत एकत्र नांदतात, तेथे परिसरातील ज्येष्ठांच्या संमतीने आणि वैद्यकीय देखरेखीखाली याची पद्धतशीर तपासणी होऊ शकते. तोपर्यंत ज्येष्ठांना स्मृतिभ्रंशमुक्तीचे आश्वासन न देता, पडणे टाळण्याच्या सिद्ध झालेल्या लाभासाठी या व्यायामाकडे वळविणे प्रामाणिकपणाचे ठरेल.