सुतकातील वाटणी : ‘वाडा चिरेबंदी’मधील वारसाप्रश्न

मृत्यूनंतरचे तेरा दिवस शोकाचे. व्यवहाराने तोवर उंबरठ्याबाहेर थांबावे, असा आपला संकेत आहे. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकात हा संकेत पाळला जातो आणि त्याच वेळी मोडलाही जातो. धरणगावकर देशपांड्यांच्या घरात तात्याजी गेले आहेत. मुंबईहून सुधीर आणि अंजली आले आहेत. तेरवीच्या खर्चाची विवंचना सुरू होते आणि तिच्या आडोशाने हिश्शाची भाषाही सुरू होते. दावा, वकील किंवा न्यायालय यांना रंगमंचावर प्रवेश नाही; तरीही हे मराठीतील वारशाविषयीचे एक महत्त्वाचे नाटक ठरते.

सरंजामी वाडासंस्कृतीचा ऱ्हास, हे या नाटकाचे रूढ वाचन आहे. ते चुकीचे नाही. मात्र त्यात वाडा हेच मुख्य पात्र होते आणि त्यातली माणसे पडझडीची लक्षणे म्हणून उरतात. ‘या घरात वारस म्हणून कोणाची गणना होते?’ असा प्रश्न विचारला की नाटकाचा मध्य भास्कर-सुधीरांवरून सरकून प्रभाकडे येतो. तिला शिकायचे होते. घराण्याच्या प्रतिष्ठेपुढे ते राहून गेले.

येथे कायद्याची साक्ष काढणे अप्रस्तुत होणार नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्र नसता विधवा, मुलगे, मुलगी आणि मृताची आई यांना पहिल्या वर्गातील वारस मानले. म्हणजे काळाचे भान सुटलेली दादी आणि अविवाहित प्रभा, या दोघीही भास्करइतक्याच वारस होत्या. फरक असा की, वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलाचा हिस्सा जन्मसिद्ध असे; मुलीला मिळे तो वडिलांच्या हिश्शातील हिस्सा. शिवाय त्या कायद्याच्या २३ व्या कलमानुसार, कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी आपापले हिस्से वेगळे करण्याचे ठरवीपर्यंत स्त्री वारसाला मागता येत नसे. अविवाहित मुलीला त्या घरात राहण्याचा हक्क होता, घर वाटून मागण्याचा नव्हता. प्रभाची नाट्यगत अवस्था नेमकी हीच आहे : वाडा तिला आसरा देतो, मोकळीक देत नाही. एलकुंचवार कलमांचा उल्लेख करीत नाहीत. कायद्याने शब्दबद्ध केलेली ही कोंडी त्यांनी स्वभाव आणि संवाद यांतून उभी केली, हे त्यांचे कलावंतपण.

दागिन्यांचा धागाही असाच पाहावा लागतो. वहिनी ते सारे अंगावर घालून पाहते तो प्रसंग लोभाचा म्हणून वाचला जातो. परंतु आयुष्यभर राबूनही कशाचीच मालकी न लाभलेल्या स्त्रीचा तो क्षणभराचा ताबा आहे. पुढे रंजू तेच दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तरांबरोबर निघून जाते. ती परत येते, दागिने येत नाहीत. ज्यावरून मने दुभंगली ती वस्तूच नाहीशी होते; दुभंग मात्र शिल्लक राहतो. वाटणीचे खरे फलित हेच, असे नाटक न सांगता सांगते.

‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांसह ही त्रिनाट्यधारा १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली सलग रंगमंचावर आली. त्याच वर्षी महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून, ती अमलात येण्यापूर्वी विवाह न झालेल्या मुलींना एकत्र मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर विवाहितांनाही लागू झाला आणि २३ वे कलमही गेले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, या हक्कासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही.

मग नाटक कालबाह्य झाले काय? तसे वाटत नाही. कायदा हिस्सा देऊ शकतो; तो मागणाऱ्या बहिणीकडे घर कोणत्या नजरेने पाहील, हे तो ठरवू शकत नाही. माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या स्त्रिया आजही आहेत. वारसा म्हणजे केवळ मिळकत नव्हे; कोणी बोलायचे आणि कोणी गप्प बसायचे याची पिढीजात व्यवस्थाही त्यात येते. या दुसऱ्या वारशाची वाटणी कोणत्याही कलमाने होत नाही. ‘वाडा चिरेबंदी’ त्या न वाटल्या गेलेल्या मौनाचे नाटक आहे, आणि म्हणूनच ते पुन्हा वाचावे लागते.