तीन कॉर्डांची पुण्याई

सोपी कला ती हलकी, असे मी पुष्कळ वर्षे मानीत आलो. लॉनी डॉनेगनचे 'रॉक आयलंड लाइन' ऐकले आणि तो समज डळमळला. १९५४ साली ध्वनिमुद्रित झालेले हे गाणे १९५६ मध्ये ब्रिटनभर गाजले. गिटारच्या दोन-तीन कॉर्ड आल्या की साथ जमे. मग ठेक्याला पोरांनी कपडे घासण्याची फळी घेतली, खर्जाला चहाचे रिकामे खोके! या 'स्किफल'नेच महायुद्धानंतरच्या टंचाईत वाढलेल्या पोरांच्या हाती गिटार दिली. लिव्हरपूलच्या जॉन लेननने शाळासोबत्यांसह असाच मेळ जमविला. पुढे त्यातूनच बीटल्स उभे राहिले. डॉनेगनचे गाणे मूळचे अमेरिकन, उसने, खोलीही बेताचीच. पण ऐकणाऱ्याला 'हे मलाही जमेल' असे वाटावयास लावणे, ही काय लहान कला झाली?